कड्यावरची ओटी

चंदगडच्या डोंगरातल्या एका देवस्थानाच्या कमिटीने माझ्या बायकोला फसवलं. मला फसवलं असतं तर मी समजून घेतलं असतं. मी जनावरांचा व्यापारी आहे. बाजारात आम्ही सकाळी एकमेकांना फसवतो आणि दुपारी एकाच गाड्यावर चहा पितो. पण जी बाई अठरा वर्षांचा नवस उराशी धरून, लागलेला दम पदरात लपवून पायऱ्या चढून गेली, तिला या माणसांनी भलत्याच जागी उभं केलं आणि ‘हेच मूळ ठाणं’ म्हणून सांगितलं. अनुभव भक्तीचा आहे म्हणून शांतपणे लिहा, असं मला लोकांनी सुचवलं. राग गेलेला नसताना शांतपणे लिहिणं म्हणजे पुन्हा खोटंच, म्हणून जसं घडलं आणि जसं वाटलं तसंच लिहितो.

मी पेठ वडगावचा. वडिलांकडून वारशात काही आलं नाही. दुसऱ्यांच्या म्हशी बाजारात हाकत नेण्यापासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःच्या दावणीला म्हशी बांधल्या. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा. बघणाऱ्याला वाटतं, दोघे नुसते हात हातात घेऊन उभे आहेत. या टॉवेलाखाली मी भल्याभल्यांना वाकवलं. पुढे पुढे मला देवाशीही तसंच बोलायची सवय लागली. तू हे कर, मग मी ते करतो. तू आधी, मी नंतर. आणि काम झालं की माझा हात मी टॉवेलाखालून हळूच काढून घ्यायचो.

आमची मुलगी आठ महिन्यांची असताना तिला तापात आकडी आली. बायकोचं, म्हणजे सुशीलाचं, माहेर चंदगडच्या अंगाला. तिकडे डोंगरात एका खोल दरीच्या काठावर कड्याची आई म्हणून देवी आहे. देऊळ नाही, मूर्ती नाही. कड्यावरचा एक शेंदूर लावलेला खडक, आणि त्याच्यापुढे सगळी दरी. सुशीलाने हे माहेरी नुसतं ऐकलेलं, वर ती कधी गेली नव्हती. सुशीलाने त्या दिवशी पोरीला मांडीवर घेऊन नवस बोलला, “आई, हिला राख. मी तुझ्या कड्यावर येऊन माझ्या हातानं तुझी ओटी भरीन.” पोरगी वाचली. मोठी झाली, शाळेत गेली, कॉलेजला गेली. सुशीला दर वर्षी म्हणायची, “अवो, ओटी ऱ्हायलीया.” आणि मी दर वर्षी म्हणायचो, “पुढच्या माघात जाऊ.” कधी बाजार चांगला असायचा म्हणून, कधी वाईट असायचा म्हणून. यात कमिटीचा काही दोष नाही. हा माझा दोष आहे आणि तो मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलताना माझी जीभ अडखळणार नाही.

शेवटी अठराव्या वर्षी आम्ही गेलो. खेड्यापाड्यांत मोबाइल नुकते दिसू लागले होते, तो काळ. कोल्हापुरातून चंदगडची एस.टी., तिथून दुसरी गाडी, आणि पुढे डोंगराच्या पायथ्याचं ते गाव. गावातून वर सिमेंटच्या नव्या पायऱ्या निघालेल्या होत्या. सुशीला दहा पायऱ्या चढायची, थांबायची, “लई दिसांची सवय मोडली बगा,” असं म्हणून हसायची. तासाभराने एक सपाटी लागली. तिथे पत्र्याची मोठी शेड, फरशी, आत चांदीचा मुखवटा, बाजूला नारळाची आणि खेळण्यांची दुकानं. दरी काही दिसेना. सुशीलाने टोपीवाल्या सेक्रेटरीला विचारलं, “दादा, कडा कुठं हाय?” तो म्हणाला, “ह्योच की कडा, ताई. हेच मूळ ठाणं. पुढं नुसतं रान हाय.” सुशीलाने दोन्ही हातांनी ओटी भरली, डोकं टेकलं, आणि बराच वेळ उठलीच नाही. मला वाटलं, मन भरून आलं असेल. उठल्यावर पाहिलं तर ओठ निळे पडले होते.

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि फार दिवस थांबता येणार नाही. तारीख ठरली. त्या तारखेच्या दहा-बारा दिवस आधी चंदगडकडचा एक शेतकरी माझ्याकडे म्हैस बघायला आला होता. सौदा झाला, चहाला घरी आणला. तो बोलका माणूस. सुशीलाने बशी पुढे केली तसा म्हणाला, “वैनी, आईला जाऊन आलासा म्हणं?”

“व्हय, माघातच गेलतो की.”

“वर कड्यावर गेलतासा, का खाली शेडातच?”

“शेडात म्हंजे?”

“आवो, ती पत्र्याची शेड कमिटीनं बांधलीया. चार-पाच वर्सं झाली. आई कुठली तितं! आई हाय वर. शेडापास्नं दोन-अडीच तासाची उभी चढण हाय. आता कोण जातंय म्हणा.”

सुशीलाने बशी खाली ठेवली आणि आत गेली. त्या शेतकऱ्याला मी काय बोललो ते आठवत नाही, पण म्हैस घेऊन तो लवकर निघून गेला हे आठवतं. संध्याकाळी सुशीला एवढंच म्हणाली, “माझी ओटी पोचली न्हाय. ओटी पोचल्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाय.” मी ओरडलो, समजावलं, पोरीला रडायला लावलं, डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं. ती हट्टी बाई नव्हे. चाळीस वर्षांच्या आयुष्यात तिने स्वतःसाठी म्हणून कधी कशाला नाही म्हटलेलं नव्हतं, म्हणूनच या नाहीपुढे माझं काही चालेना. “तुला आता चढवत न्हाय,” मी म्हणालो. “मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तुमी न्या. तिथल्या कुठल्या सवाष्णीच्या हातानं भरून घ्या. हात माझाच, असं आईला सांगा.” आणि तिने खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, कुंकवाचा करंडा, सगळं एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. देवीची ओटी पुरुषाच्या हातची चालत नाही, सवाष्ण लागते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

वर चढायच्या आदल्या दिवशी मी त्या गावात पोचलो आणि थेट सेक्रेटरीच्या घरी गेलो. बोलणं सरळच सुरू केलं, “माझ्या मंडळीला खोटं का सांगितलंसा?”

“पावणं, खोटं कसलं? आई सोताच खाली आली. आध्यक्षांच्या सपनात येऊन म्हणाली, मला खाली आणा.”

“आध्यक्षांचं गुडघं दुखत्यात वाटतं.”

त्याला राग आला. मग तोही मोकळेपणाने बोलू लागला. वर वाट मोडली आहे, रानात गवे आहेत, कुणाचं बरंवाईट झालं तर कमिटी जबाबदार नाही. “आणि एवढं करून जाणार कशाला? बाप्याच्या हातची ओटी आई घेती व्हय?” मी म्हणालो, गावातली एखादी बाई सोबत द्या. तो नुसता हसला. मी स्वतः चार घरं फिरलो. एक बाई तयार झाली होती, पदर खोचून उभीही राहिली, पण तिचा नवरा बाहेर आला आणि म्हणाला, “आमचं दुकान शेडाजवळ हाय पावणं, आमाला त्यात घालू नगा.” आयुष्यभर मी समोरच्याची बोटं दाबून हो म्हणवत आलो. त्या गावात कुणी मला हात धरायलाच देईना.

दिवस उजाडताच मी एकटाच निघालो. सुशीलाने सांगितलं होतं म्हणून अनवाणी. ओटीचं फडकं टॉवेलाने पोटाशी घट्ट बांधलं. शेडीवरून जाताना मुखवट्याला नमस्कार केला, कारण त्या चांदीचा काय दोष? पण पुजाऱ्याने तीर्थ पुढे केलं ते घेतलं नाही. शेडीच्या मागे दुकानांचा कचरा टाकलेला होता आणि त्या ढिगाच्या बाजूनेच जुनी वाट वर गेली होती. आईकडे जायच्या वाटेवर यांनी कचरा टाकला होता! तिथून पुढे अर्धा तास मी कमिटीला शिव्या देतच चढलो. त्यानंतर शिव्या द्यायला दम उरला नाही.

चढण कसली, भिंतच ती. कारवीच्या वाळक्या काठ्या धरत, मुळांवर पाय देत वर जायचं. पालापाचोळ्याखाली दगड कुठे आहे ते कळत नाही. पाय पडतो तेव्हा कळतं. करवंदीच्या जाळ्यांनी धोतर फाटलं, पोटऱ्या सोलवटल्या. जांभळीची आणि कसली कसली झाडं एवढी दाट की ऊन खाली येताना हिरवं होऊन येत होतं. मी पन्नाशीचा, अंगाने जड. वीस पावलं टाकायची आणि झाडाला मिठी मारून उभं राहायचं. अशा प्रत्येक झाडापाशी मी आईशी सौदा करत होतो. हिचं ऑपरेशन नीट होऊ दे, मी दर वर्षी येईन. शेड नको, वर तुझ्यासाठी चौथरा बांधीन. थोडं वर गेलं की आणखी एक बोट वाढवायचो. उत्तर येत नव्हतं म्हणून मी भाव चढवत होतो. समोरचा गप्प राहिला की व्यापारी घाबरतो, आणि घाबरला की वाढवून बोलतो, हे मला दुसऱ्यांच्या बाबतीत चांगलं ठाऊक होतं.

एके ठिकाणी वाट फुटली. डावीकडची पुसट, उजवीकडची चांगली मळलेली. उजवीकडे खुरांचे ताजे ठसे होते, शेण पडलेलं होतं. मी वाकून बघितलं. खुरावरून आणि चालीवरून म्हैस कितव्या वेताची ते मी सांगतो, अशी बाजारात माझी ख्याती. मी मनात म्हटलं, म्हशी आहेत, म्हणजे धनगरवाडा आहे, म्हणजे बायका आहेत. ओटीचं काम झालं! कमिटीवर मात केल्याच्या आनंदात मी उजवीकडे वळलो. दहा मिनिटांनी त्या वाटेवर पुढे काहीतरी फुरफुरलं आणि कारवी मोडत एक काळा डोंगर आडवा निघून गेला. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. गवा होता. तीस वर्षं ज्या नजरेवर मी जगलो, त्या नजरेला म्हैस आणि गवा ओळखता आला नव्हता. मी मागे फिरायला हवं होतं. पण कुठून आलो तेच कळेना, कारण तेवढ्यात खालून, कोकणाकडून, ढग वर चढून आले आणि माझा स्वतःचा हातसुद्धा मला दिसेना.

मी हात पुढे करून चाचपडत चाललो. झाडं संपली, पायाखाली उघडा खडक लागला, वारा वाढला. मला वाटलं, डोंगरमाथ्यावरचा उघडा सडा आला, म्हणजे आता सपाटी. मी एका कारवीच्या जाळीला पाठ टेकून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला काही राहिलं नव्हतं. सगळी बोटं दाबून झाली होती. सुशीलाचा निळा ओठ तेवढा डोळ्यांपुढे होता. मी काही मागितलं नाही. मागायचं कसं तेच सुचेना. पोटावरचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून नुसता बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग उठावं म्हणून पाय पुढे सोडले, आणि त्याच क्षणी घंटा वाजली. देवळातली नव्हे, म्हशीच्या गळ्यातली. हा आवाज मात्र मी चुकत नाही. मी जोरात हाक मारली.

धुक्यातून एका बाईचा आवाज आला. “कोन हाय त्ये? हल्लू नगासा! हाय तितंच बूड टेकून बसा!”

“वाट चुकलोय, मावशी!”

“ते कळलं. पाय मागं घ्या. म्होरं एक पाऊल टाकू नगासा. म्होरं काय न्हाय.”

मी पाय ओढून घेतले. थोड्या वेळाने वाऱ्याचा एक झोत आला आणि धुक्याला भोक पडलं, ते मोठं होत गेलं. माझ्या पावलांपासून हातभरावर खडक संपत होता. त्याच्या खाली खरंच काही नव्हतं. समोर पार पलीकडे काळ्या कातळाची उभी भिंत, तिच्यावरून पाण्याचे वाळलेले पांढरे ओघळ, आणि खाली इतकं खोल की तळातलं घनदाट रान शेवाळासारखं दिसत होतं. एक घार उडत होती, तीही माझ्या खाली. घारीची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मी घाबरलो होतो की रडत होतो ते मला माहीत नाही. डाव्या हाताला वीसेक पावलांवर, त्याच काठावर, शेंदूर लावलेला खडक होता आणि त्याच्या आडोशाला दगडी दिवा तेवत होता. चुकीच्या वाटेने मी आईच्या पाठीमागून तिच्या दारात येऊन बसलो होतो.

म्हातारी जवळ आली. अंगावर घोंगडं, कपाळावर गोंदण, हातात काठी, मागे चार म्हशी. “गव्याच्या वाटंनं आलासा,” ती म्हणाली. “त्या वाटंनं माणूस येत न्हाय. आला तर म्होरं जातो.” आणि दरीकडे हनुवटी केली. तिने मला ताक दिलं. मी सगळं सांगितलं, कमिटी, शेड, झडप, ऑपरेशन. सांगताना माझा आवाज चढला तशी म्हणाली, “पावणं, कड्यावर वरडू नगा. म्हशी बिचकत्यात.”

मग तिने तिची हकीकत सांगितली, म्हशींची धार सांगावी तशी, काही न वाढवता. या ठाण्याची दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या तिच्या सासरच्या घराण्याकडे. नवरा होता तोवर तो करायचा. तो वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती करू लागली. गावची माणसं वर आली आणि म्हणाली, रांडमुंड बाईच्या हातचा दिवा आईला चालत नाही. ती म्हणाली, मग तुम्ही रोज वर या आणि लावा. रोज वर येणार कोण? चार-सहा महिन्यांनी खाली शेड उभी राहिली आणि मुखवटा बसला. “मला म्हणाले, आता वरचं ठाणं मोडलं. म्या म्हटलं, मोडलं तर मोडलं, दिव्याला काय झालंय? लावत्ये आपली.”

मी फडकं सोडलं. “मावशी, ही ओटी भरा.”

ती दोन पावलं मागे सरकली. “म्या कशी भरू? सवाष्णीचं काम ते. माझं कपाळ बघा की.”

मी बघितलं. गोंदण होतं, कुंकू नव्हतं. क्षणभर माझंही मन मागे सरलं, ते खोटं सांगत नाही. सुशीलाने सवाष्ण म्हटलं होतं. जीव तिचा, नवस तिचा. ओटी पुन्हा नापास झाली तर मी तिला काय सांगणार? या क्षणी मी कुणाशी भाव करू शकत नव्हतो. या बाईशी नाही, आईशी तर नाहीच. मग माझ्या तोंडून जे आलं ते मी ठरवून बोललेलो नाही. मी म्हणालो, “मावशी, मघाशी तुम्ही हाक दिली नसती तर मी आता खाली असतो. हाक मारायला आईला तुमचं तोंड चाललं. ओटी भरायला हात चालणार न्हाय व्हय?”

तिने खडकाकडे बघितलं. मग काठी खाली ठेवली, कातळातल्या खळग्यातल्या पाण्याने हात कोपरापर्यंत धुतले, पदर डोक्यावरून घेतला. करंड्यात बोट घालण्याआधी तिने ते पदराला पुसलं. पण पुढचं सगळं हाताला पाठ होतं. आईला हळद लावली, कुंकू लावलं, खण ठेवला, खणावर नारळ, आणि ओंजळीने पाच वेळा तांदूळ. दर ओंजळीला ती सुशीलाचं नाव घेत होती, जसं काही आपल्या धाकट्या बहिणीचं घ्यावं. शेवटी ओटीतले चार दाणे उचलून तिने माझ्या हातावर ठेवले. “हे मंडळीच्या पदरात घाला. म्हणावं, पोचली.” खालच्या वाटेवर, शेडीचा पत्रा दिसेपर्यंत, तिने मला आणून सोडलं आणि तिथूनच मागे फिरली.

घरी जाताना एस.टी.त माझ्या मनात धंदा पुन्हा जागा झाला. कशाला सांगायचं? ‘एका सवाष्णीने भरली’ एवढं म्हटलं की काम झालं. ऑपरेशन होईल, बायको जगेल. माल विकताना यापेक्षा मोठ्या गोष्टी मी गिळलेल्या आहेत. पण ज्या खोटेपणाविरुद्ध मी हे सगळं केलं, तोच मी तिच्या पदरात घातला तर सेक्रेटरीत आणि माझ्यात फरक काय? मी घरी गेलो, दाणे तिच्या पदरात घातले आणि सगळं सांगितलं. भरणारी विधवा होती, हेही. सुशीला पदरातल्या दाण्यांकडे बघत राहिली. ती नाही म्हणाली असती तर माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता. तिने विचारलं, “नाव काय तिचं?”

“इचारलं न्हाय.”

“माझी ओटी भरली, तुमचा जीव राखला, ताक पाजलं, आन नाव इचारलं न्हाईसा? कसला माणूस तुमी!” आणि मग म्हणाली, “उद्या मिरजेला फोन करा.”

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. डॉक्टरांचे हात चांगले होते, औषधं चांगली होती, हे मी जाणतो. चमत्कार कशाला म्हणायचं यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. ती आत असताना मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि एकदाही काही देऊ केलं नाही, काही मागितलं नाही. तू ठेवशील तसं, एवढंच. असं बसता येतं, हे मला कड्यावर त्या हातभर खडकावर कळलं होतं. मी आयुष्यभर हाताची बोटं मिटून, दाबून जगलो. हात उघडा टाकला तर त्यात दुसरं कुणी काही ठेवू शकतं, हे शिकायला मला धुक्यात वाट चुकावी लागली. आज सुशीला घरात चालते-फिरते, माझ्यावर ओरडते. यासाठी मी आईचे आभार मानतो आणि मानत राहीन.

इथे लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण पुढच्या माघात आम्ही पुन्हा गेलो. मी आधी वर जाऊन म्हातारीचं नाव विचारून आलो होतो, भागूबाई. यात्रेदिवशी ती मुद्दाम सुशीलाला भेटायला खाली उतरली, धुतलेलं लुगडं नेसून. शेडीपर्यंत सोबत जावं म्हणून दोघी निघाल्या. पहिल्याच पायरीवर छातीला बिल्ला लावलेला एक माणूस आडवा आला. “आजी, तुमी खालीच थांबा. आज यात्रा हाय, सवाष्णी वर हायत.” भागूबाई लगेच थांबली. तिला सवय होती. मी तोंड उघडणार एवढ्यात सुशीलाने माझा दंड धरला. ती वर गेलीच नाही. तिथेच, त्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, तिने भागूबाईला बसवलं आणि देवीसाठी आणलेला खण, नारळ, तांदूळ, सगळं भागूबाईच्या पदरात घातलं. भागूबाई नको नको म्हणत होती. बायका थांबून बघत होत्या. दोन-तिघी पुढे आल्या आणि त्यांनीही आपल्या ताटातले तांदूळ मूठमूठ तिच्या ओटीत टाकले. बिल्लेवाला वर पळाला, कुणाला तरी सांगायला. वरून कुणी खाली आलं नाही.

माझी तक्रार आता माझ्या नवसाबद्दल नाही, तो पोचला. पण त्या बाईने कड्यावर दिवा विझू दिला नाही, आणि तिला पायरीवर अडवायचा हुकूम कुणीतरी दिला. बिल्लेवाल्याने स्वतःच्या मनाने दिला नाही, एवढं मला माणसांतलं कळतं. ज्याने दिला त्याने मला उत्तर द्यायची गरज नाही. त्याने अनवाणी निघावं, शेडीमागच्या कचऱ्यावरून वाट काढावी, ती चढण चढावी आणि भागूबाईच्या समोर उभं राहून तिला सांगावं, हे त्याने कुणाला विचारून केलं.